पंख्यावर फोडलेला नारळ

बकुळाने संसार केला तो विमानाबरोबर. रामदास तेंडोलकर नावाचा तिचा नवरा त्या संसारात होता, नाही असे नाही. पण तो बहुतेक वेळ विमानाच्या खाली नाहीतर आत असायचा आणि बाहेर दिसायचे ते फक्त त्याचे पाय. चहाचा कप ती त्या पायांशी नेऊन ठेवायची आणि चहावर साय धरली की उचलून परत आणायची. हे वर्षानुवर्षे चालले होते. तिने तक्रार करणेही सोडून दिले होते, कारण तक्रार करायला समोर माणसाचे तोंड तरी लागते.

लालबागच्या चाळीत, तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या दीड खोलीत विमान आले कुठून, असे कोणीही विचारील. रामदास जुहूला विमानांच्या वर्कशॉपात मेकॅनिक होता. तिथे एक इंग्रज वैमानिक होता, आणि त्या हौशी गड्याने आपल्या देशातून विमानाचे सुटे भाग मागवले होते. घरी बसून जोडायचे, एका माणसाने उडवायचे, इवलेसे लाकडी विमान. पण चपळ असे, की शिकाऊ लोकांची जुनी विमाने त्याच्या वाऱ्यालाही उभी राहू नयेत. पेट्या बंदरात यायला आणि इंग्रजांनी गाशा गुंडाळायला एकच गाठ पडली. साहेबाने जाताना पेट्यांना हातही न लावता त्या रामदासला देऊन टाकल्या. दुसरा कोणी असता तर त्याने फळ्यांचे फडताळ केले असते. रामदासने विमान करायला घेतले.

विमानाचे धड मागच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली, दोन्ही विंग आतल्या भिंतीला टेकवून उभ्या, शेपूट खाटेखाली. पाहुणे आले तर त्यांना बसायला सांगण्याआधी बकुळाला बघावे लागे की तिथे काही वाळत तर नाही. कापडावर रोगण लावायचे दिवस आले तेव्हा तर घरात काडी ओढायचीही बंदी. पिकून गेलेल्या केळ्यांसारखा तो वास नाकात बसला होता आणि चूल गॅलरीत. पहिल्यांदा इंजिन चालवून पाहिले तेव्हा मागच्या आवारात वाळत घातलेली अख्ख्या चाळीची लुगडी उडून पलीकडच्या चाळीच्या गॅलरीत जाऊन पडली, आणि बायका आठवडाभर बकुळाशी बोलत नव्हत्या. जणू इंजिनाची दोरी तिनेच ओढली होती!

पलीकडच्या चाळीतली शेवंती तेवढी बोलत होती. तिनेच ती लुगडी गोळा करून आणून दिली. विंगांवर कापड चढवले तेव्हा रामदासला दोन माणसे हवी होती. एकाने जाड सुई इकडून टोचायची, दुसऱ्याने पलीकडून ओढून परत पाठवायची. बकुळा या बाजूला, शेवंती त्या बाजूला, मधे पंख. एकमेकींचे तोंड दिसत नसे, नुसता आवाज. घरातली, नळावरची, दुखण्याखुपण्याची सगळी बोलणी त्या कापडातून आरपार झाली होती. मेण लावलेल्या दोऱ्याने बकुळाची बोटे चिरायची. पण गाठ जरा सैल पडली की रामदास येऊन उसवायला सांगायचा.

"अहो, एवढी एक गाठ चालेल की."

"चालेल हा शब्द या घरात नको, बकुळे. जमिनीवर चालतं. वर काही चालत नाही."

हे त्याचे ब्रीदवाक्य होते म्हणा ना. केसभर वाकडी बसलेली फळी त्याने फोडून जळणाला दिली होती. ती ज्या दिवशी जळली त्या दिवशी बकुळा मनातल्या मनात रडली, कारण ती बसवण्यात अख्खा पावसाळा गेला होता. पुढच्या लाकडी पंख्याबद्दल तर तो देवाबद्दल बोलावे तसे बोलायचा. पातळ पातळ लाकडाचे थर एकमेकांना चिकटवून, घासून केलेला तो पंखा परदेशातून आलेला, आणि आता परदेशी माल आणायला परवाना मिळायची मारामार. "हा फिरताना याचा कपचा जरी उडाला ना," तो तिला म्हणाला होता, "तर इंजिन हादऱ्याने उपटून निघतं. मग खाली यायला फार वेळ लागत नाही." तिने त्या वेळी नुसते हूं म्हटले होते. पण ती ते विसरली नव्हती.

सत्तावन्न सालच्या पावसाच्या अखेरीला विमान तयार झाले. तयार झाले म्हणजे खरेच तयार झाले. रामदासला करायला काही उरले नाही. तो शेडमध्ये नुसता उभा राहू लागला. पन्नाशी उलटली होती, केस पिकले होते, पाठ वाकली होती. उडवायचा परवाना त्याने रविवार रविवार घालवून मिळवला होता, पण दर वर्षी डॉक्टरची सही लागायची आणि या वर्षी डोळे तपासताना डॉक्टर म्हणाला होता, "तेंडोलकर, ही शेवटची. पुढच्या साली माझ्याकडून होणार नाही." दसऱ्यानंतरच्या आठवड्यात लॉरीतून विमान जुहूला न्यायचे, सरकारी इन्स्पेक्टरने पाहायचे, आणि मग रामदासने एकदा वर जाऊन यायचे, एवढे ठरले होते. बकुळाचेही एक ठरले होते. विमान गेले की भिंत मोकळी होईल, त्या भिंतीशी खाट ओढायची आणि दुपारी पाय पसरून झोपायचे. याहून मोठे स्वप्न पाहायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

वरच्या मजल्यावर सीतारामदादा परब राहायचे. मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागवाल्यांवरचा मुकादम, आवाज खणखणीत, गणपतीत आरती त्यांच्याशिवाय सुरू व्हायची नाही. पण छप्पनच्या जानेवारीत त्यांचा भिवा संयुक्त महाराष्ट्राच्या गर्दीत गेला आणि गोळी लागून परत आला तो चार जणांच्या खांद्यावर. तेव्हापासून सीतारामदादांनी ना आरती म्हटली, ना डोक्याला फेटा बांधला. पाळीवरून आले की शेडमध्ये येऊन उपड्या डब्यावर बसायचे. भिवाला विमानाचे वेड होते, लहानपणी याच डब्यावर बसून तो रामदासला स्क्रू काढून द्यायचा. सीतारामदादा ते कधी बोलले नाहीत. एवढेच विचारायचे, "कधी उडतला?"

विमान तयार झाल्याचे कळले तेव्हा ते म्हणाले, "रामदास, विंगेच्या खालच्या अंगाक मोठ्या अक्षरांत लिवया. संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. अख्ख्या मुंबयन मान वर करून वाचूक व्हया."

रामदास खाली बघत म्हणाला, "दादा, इन्स्पेक्टर सरकारचा आहे. ते वाचलं तर परवानगी देणार नाही. मग उडणारच नाही ते."

सीतारामदादांनी बराच वेळ विंगेकडे पाहिले. "बरां," ते म्हणाले. "ऱ्हवांदे. पण खंडेनवमीक नारळ मीच फोडतलंय."

याला नाही म्हणायला दगडाचे काळीज लागते. रामदास हो म्हणाला.

खंडेनवमीला गिरणगावात प्रत्येक यंत्राची पूजा होते. मागाला हार, इंजिनाला हळदकुंकू, आणि जॉबरने मशीनवरच आपटून नारळ फोडायचा, अशी मिलमधली रीत. लोखंडाला त्याचे काय! सीतारामदादांनी आयुष्यभर तसेच नारळ फोडले होते. त्या दिवशी ते खाली आले ते डोक्याला केशरी फेटा बांधून. पावणेदोन वर्षांनी बांधलेला तो फेटा पाहून गॅलरीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शेवंतीने गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, त्यामुळे ती पूजेला आली नाही, पण पलीकडच्या गॅलरीत उभी राहून पाहत होती. रामदासने पंख्याच्या पायाशी एक काळा दगड आणून ठेवला होता. हळद, कुंकू, झेंडूचा हार झाला. सीतारामदादांनी नारळ दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला.

"दादा, दगडावर..." रामदास म्हणाला.

पण सीतारामदादांच्या ओठांवर काहीतरी पुटपुटणे चालले होते आणि त्यात भिवाचे नाव होते. त्यांनी हात वर नेला आणि जन्माच्या सवयीने नारळ पंख्याच्या बुंध्यावरच हाणला.

नारळ एका घावात फुटला. पाणी पात्यावरून ओघळले. चाळीने टाळ्या पिटल्या, कोणीतरी घोषणा दिली, आणि सीतारामदादा हसले. सगळी चाळ त्यांच्या हसण्याकडे बघत होती. बकुळा तेवढी नवऱ्याकडे बघत होती, आणि नवरा पंख्याकडे.

रात्री रामदास जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सोने वाटायला आलेल्यांतल्या थोरांच्या पाया पडला, सगळ्यांशी गोड बोलला, आणि लोक गेल्यावर पंखा उतरवून घरात आणला. पॉलिश करायचे आहे, असे त्याने चाळीला सांगितले. दोन स्टुलांवर आडवा ठेवून तो भिंगातून पाहत बसला. बुंध्यापासून पात्याकडे गेलेली एक रेघ होती. दोऱ्याएवढी.

"गेलंय?" बकुळाने विचारले.

"आतपर्यंत गेलंय."

"मग सांगा ना सीतारामदादांना."

"काय सांगू?" तो भिंगातून मान वर न करता म्हणाला. "पावणेदोन वर्षांनी फेटा बांधला त्या माणसाने. तुमच्या नारळाने मोडलं म्हणून सांगू? त्यापेक्षा मी..." त्याने वाक्य पुरे केले नाही.

ते कसे पुरे व्हायचे होते हे तिला दोन दिवसांनी दुपारी कळले. जेवणे उरकून चाळ सुस्तावली होती. बकुळा मोरीतून हात पुसत आली तर रामदास पंख्यावर वाकलेला. बारीक काडीने तो त्या रेघेत विमानाचा सरस भरत होता, हळूहळू, लहान मुलाच्या डोळ्यात काजळ घालावे तशा हाताने. बाजूला रोगणाची बाटली होती. वरून दोन हात दिले की इन्स्पेक्टर काय, ब्रह्मदेवाला रेघ दिसली नसती. इतका चांगला कारागीर होता तो, आणि बकुळाला त्याचीच भीती वाटली.

"हे काय करताय?"

"भरतोय."

"भरून धरेल?"

त्याने काडी पुन्हा सरसात बुडवली आणि म्हणाला, "चालेल."

बकुळा त्याच्यासमोर येऊन बसली. इतक्या वर्षांत या घरात तो शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता. तिच्या उसवलेल्या गाठी, जाळलेली ती फळी, तो अख्खा पावसाळा, सगळे तिच्या डोळ्यांपुढे आले. तिला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावेसेही वाटले.

"तुम्हीच म्हणाला होतात. कपचा उडाला तर..."

"एकदाच जातो, बकुळे. एक चक्कर. जास्त वेगात नाही नेणार. वर जाऊन लगेच खाली. मग पंखा जाळून टाकीन, मग झालं."

"आणि नाही आलात खाली तर?"

"पुढच्या वर्षी डोळे नाहीत. नवा पंखा यायचा नाही. मी घडवायला बसलो तर वर्ष जाईल, तो पास होईल न होईल." त्याने काडी खाली ठेवली. "मी दमलोय गं. आता थांबायचं बळ नाही माझ्यात. चुकलं तर चुकलं."

दमणे तिला कोणी शिकवायला नको होते. त्याने हात धुतले, डोक्याला टोपी घातली आणि लॉरी ठरवायला रे रोडला निघून गेला. सरस सुकायला संध्याकाळ होणार होती. जाताना म्हणाला, "हात लावू नकोस."

बकुळा बराच वेळ पंख्यासमोर बसून राहिली. हात लावू नकोस म्हणे! आजवर तिने दुसरे केले काय होते. तिने भिंतीला टेकलेल्या विंगांकडे पाहिले. परवा त्या जाणार होत्या, इथे खाट येणार होती. नवऱ्याला जाऊ दिले तर भिंत मोकळी होईल आणि कदाचित खाटही. अडवले तर हे सगळे इथेच राहणार, हा वास, हे शेपूट, तो गार चहा, आणखी किती वर्षे देव जाणे. आणि अडवायचे तरी कसे? बोलून तो थांबला नव्हता. सीतारामदादांना सांगावे, तर पोराच्या नावाने फोडलेला नारळ त्या म्हाताऱ्याच्या छातीवर धोंडा होऊन बसला असता.

ती उठली. मोरीशेजारी पाटा होता, त्यावर वरवंटा. तिने वरवंटा उचलला. सासूच्या वेळचा तो, एका हाताने न उचलवणारा. पहिल्या घावाला पंखा नुसताच उडी मारून परत स्टुलावर पडला. परदेशी लाकूड चिवट होते. दुसऱ्या घावाला सरस भरलेली रेघ उघडली. मग डोळे मिटून घातलेले घाव तिने मोजले नाहीत. डोळे उघडले तेव्हा पात्याचा तुकडा दाराशी पडला होता आणि ती घामाने भिजली होती. तिने वरवंटा पंख्याशेजारी जमिनीवर सोडून दिला आणि मोठ्याने ओरडली, "अगं बाई गं, मेलेऽ!"

चाळ धावली. हातातून वरवंटा निसटला, असे तिने सांगितले. बायकांनी आधी हळहळ केली, मग एकमेकींकडे पाहिले. "डूख धरून होती हो विमानावर," असे कोणीतरी म्हणाले, आणि तिला ऐकू जाईल इतपतच हळू म्हणाले. "नवऱ्याचा जन्म वाया घालवला." बकुळा मान खाली घालून तुकडे गोळा करत राहिली. शेवंती आली, तिच्याबरोबर बसून तुकडे वेचू लागली. इतर बायका पांगल्यावर म्हणाली, "वहिनी, वरवंटा किती वेळा निसटला गं? मला गॅलरीत ऐकू येत होतं."

बकुळाने तिच्याकडे पाहिले.

"मी कुणाला काय बोलत नाही," शेवंती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

रामदास दिवेलागणीला आला. चाळीने त्याला दारातच सगळे सांगितले होते. त्याने तुकडे हातात घेतले, जुळवून पाहिले. फूट बरोबर रेघेवरून गेली होती आणि सरसाचा ओला चकचकीत पट्टा दोन्ही कडांना दिसत होता. एकदा वर जाऊन यायला याचा भरवसा त्याने धरला होता. तो तसाच जमिनीवर बसला. रागावेल म्हणून बकुळा तयारीत होती. तो रागावला असता तर बरे झाले असते. तो नुसता त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"रे रोडवर चांगलं लाकूड आलंय," तो म्हणाला. "उद्या बघून येतो."

"डोळे?" ती म्हणाली.

"मी नाही, तर दुसरा कोणी उडवील. वर्कशॉपातली पोरं आहेत." ज्या गोष्टीसाठी तो जगला ती आता दुसऱ्याच्या हातची झाली, हे बकुळाला त्याच्याआधी कळले. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही.

तेवढ्यात दाराबाहेर पावले वाजली. सीतारामदादा दारात उभे होते. पाळीवरून तसेच आले असावेत. केसांत कापूस होता. चाळीत कोणीतरी त्यांचे कान भरलेच असणार. बकुळा उठून उभी राहिली, पदर नीट केला. बोलतील ते ऐकून घ्यायचे, असे तिने ठरवले होते.

सीतारामदादांनी तुकड्यांकडे पाहिले, मग तिच्याकडे. तिचे डोळे सुजलेले होते.

"रडा नको, वयनी," ते म्हणाले. "चाळ काय बोलता ता ऐका नको. हातातून वस्तू पडता. माझ्या हातातून तर..." त्यांनी केसांतला कापूस उगाच झटकला. "तुमी मुद्दाम करुच्या नाय, माका ठाऊक आसा. नवो पंखो कर रे रामदास. मी थांबतंय. आणि पुढल्या खंडेनवमीक परत नारळ. मीच फोडतलंय."

रामदासने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते, आणि तो हसतो आहे की रडतो आहे हे त्याच्या बायकोलाही सांगता आले नसते.

"तुम्हीच फोडा, दादा," बकुळा म्हणाली. तिचा स्वर थकलेला होता पण स्थिर होता. "पण पुढच्या खेपेला माझ्या पाट्यावर फोडा. मी उचलून आणीन आवारात. तुमच्या नारळाला तोच बरा."

"पाट्यार?" सीतारामदादांनी क्षणभर विचार केला. "बरां. तुमच्या पाट्यार."

ते उपडा डबा शेडमधून आत घेऊन आले, त्यावर बसले आणि पंख्याचे तुकडे रामदासच्या हातात एकेक करून देऊ लागले. बकुळाने वरवंटा धुऊन पाट्यावर ठेवला. मग खाटेखालचे शेपूट जरा आत सरकवले आणि तिघांसाठी चहा टाकला.